नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रापासून पहिल्या मतापर्यंत: इंदूरच्या नव्या नागरिकांसाठी

नागरिकत्वाचं प्रमाणपत्र हातात आलं की घरात पेढे येतात, फोटो निघतात आणि सगळे धरून चालतात की आता मतदानाचं पण झालं. तसं होत नाही. प्रमाणपत्राने तुम्ही भारताचे नागरिक झालात, पण मतदार यादीत नाव चढवायला वेगळा अर्ज करावा लागतो, आणि तो तुमच्या वतीने दुसरं कुणी करत नाही. मतदान केंद्रावर तुमचं प्रमाणपत्र कितीही खरं असलं तरी यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही. म्हणून निवडणूक जाहीर होण्याची वाट बघू नका. प्रमाणपत्र मिळाल्याच्या आठवड्यातच कामाला लागा.

शाळेत शिकवत असताना मी बरीच वर्षं बीएलओ, म्हणजे बूथ लेवल ऑफिसर, म्हणून काम केलं. घरोघर जाऊन यादी तपासणं हे आमचं काम. इंदूरमध्ये नवे नागरिक म्हटलं की पहिल्यांदा आठवतात ती पाकिस्तानातून आलेली सिंधी कुटुंबं. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या अल्पसंख्याकांच्या नागरिकत्वाचे अधिकार ज्या मोजक्या जिल्ह्यांच्या कलेक्टरांना दिले, त्यांत इंदूर होतं. पण आपल्या मराठी घरांतही असे लोक आहेत. कुणाची सून परदेशातली, कुणाचा नातू अमेरिकेत जन्मलेला आणि आता इथेच स्थायिक व्हायला आलेला. लोकमान्य नगरातल्या एका घरातली सून मॉरिशसची, तिथल्या मराठी कुटुंबातली. तिचा अर्ज भरायला मी मदत केली, आणि तिच्या बाबतीत जे प्रश्न आले तेच बहुतेकांना येतात.

आधी आपण कुठे आहोत ते बघा

१९५५ च्या नागरिकत्व कायद्यात बाहेरून आलेल्या माणसाला नागरिक होण्याचे मुख्य रस्ते दोन: कलम ५ खाली नोंदणी आणि कलम ६ खाली देशीयकरण. भारतीय माणसाशी लग्न झालेल्यांना अर्जाआधी सात वर्षं इथे राहिलेलं असावं लागतं, आणि त्यांची नोंदणी होते. देशीयकरणाला साधारणपणे बारा वर्षांचं वास्तव्य लागतं. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भाषा नीट यावी अशीही त्यात अट आहे. मराठी त्या अनुसूचीत आहे, तेव्हा घरात सासूबाईंशी मराठीतच बोलणाऱ्या सुनेला ती अट जड नाही. मतदानाच्या दृष्टीने दोन्ही रस्ते सारखेच. प्रमाणपत्रावर जी तारीख, त्या तारखेपासून तुम्ही नागरिक. जन्मापासून भारतीय असलेल्या माणसाइतकंच तुमच्या मताचं वजन, आणि तुम्हाला उमेदवार म्हणून उभंही राहता येतं. मधे कसलाही परीक्षेचा काळ नाही.

मात्र खालच्या अवस्थेत असाल तर थांबा. अर्ज केलाय, पोलीस चौकशी झालीय, शपथ अजून बाकी आहे: मतदार यादीचा अर्ज करू नका. ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते कार्ड, आहे: त्यावर मत देता येत नाही, मग तुम्ही इंदूरला वीस वर्षं राहत असलात तरी. ओसीआय कार्डाला पाच वर्षं झाली असतील आणि अर्जाआधीचे बारा महिने इथे राहिला असाल तर कलम ५ खालीच नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. आधी ते करा. नेपाळच्या नागरिकाला इथे राहायला व्हिसा लागत नाही, तरी मताचा अधिकार नाही.

हे मी जरा ठासून सांगते, कारण गल्लीतला एखादा कार्यकर्ता किंवा नातेवाईक चांगल्या मनाने म्हणतो, “आधार आहे ना, मग भरून टाका फॉर्म.” आधार परदेशी नागरिकालाही मिळतं, ते राहण्याचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नाही. आपल्याकडे मध्य प्रदेशात जिथे तिथे मागतात त्या समग्र आयडीचंही तेच. मतदार अर्जात ‘मी भारताचा नागरिक आहे’ असं लिहून सही करायची असते. ते खोटं ठरलं तर १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि पुढे नागरिकत्वाच्या फाइलला बाधा येईल ती वेगळी. असं कुणी आधीच तुमचं नाव घातलं असेल तर फॉर्म ७ भरून ते काढून घ्या आणि प्रमाणपत्र आल्यावर नव्याने अर्ज करा.

कागद गोळा करताना

अर्ज असतो फॉर्म ६. नाव पहिल्यांदा चढवणाऱ्या प्रत्येकाचा तोच. कागद फार नाहीत: पासपोर्ट आकाराचा रंगीत फोटो, वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा आणि तुमच्या बाबतीत नागरिकत्वाच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स, खाली सही करून. मूळ प्रमाणपत्र दाखवायला जवळ ठेवा, पण कुणाच्या हवाली करू नका. कितीही ओळखीचा माणूस असो, “साहेबांना दाखवून आणतो” म्हणाला तरी नाही. ते हरवलं तर दुसरी प्रत मिळवायला किती चपला झिजतील हे सांगता येत नाही.

पत्त्यासाठी घराचं वीज, पाणी किंवा गॅसचं बिल चालतं. बँक किंवा पोस्टाचं चालू पासबुक, नोंदणी केलेला भाडेकरार, खरेदीखत, आधार, भारतीय पासपोर्ट यांतलंही एक चालतं. सुनांची अडचण अशी की घर सासऱ्यांच्या नावावर, बिल नवऱ्याच्या नावावर, आणि यांच्या नावावर इंदूरचा एकही कागद नाही. त्यावर सोपा उपाय म्हणजे बँकेत या पत्त्याचं खातं आणि त्याचं छापील पासबुक. तोपर्यंत अर्ज अडवून धरू नका. घरातली बाकीची मंडळी त्याच पत्त्यावर मतदार असतील तर अर्जात कुटुंबातल्या कुणाचा तरी मतदार ओळखपत्र क्रमांक लिहा. त्यामुळे तुमचं नाव त्याच भागात, त्याच केंद्रावर लागायला मदत होते.

आधार परदेशी नागरिक म्हणून काढलं असेल तर मतदार अर्जाआधी आधार केंद्रावर जाऊन नागरिकत्वाची नोंद बदलून घ्या. पॅन, बँक, आधार आणि प्रमाणपत्र, सगळीकडे नाव एकसारखं असलं की पुढची निम्मी कामं आपोआप सुटतात.

नाव, ते नेमकं कसं लिहायचं

इथे मला जास्त वेळ थांबायचंय, कारण नव्या नागरिकांचे जेवढे अर्ज अडकताना मी बघितले त्यांत बहुतेक नावामुळे अडकले.

मॉरिशसच्या त्या सूनबाईंचं उदाहरण घ्या. जुन्या पासपोर्टवर माहेरचं नाव आणि आडनाव, फ्रेंच वळणाच्या स्पेलिंगमध्ये. लग्नाच्या दाखल्यावर सासरचं आडनाव. आधारवर नवऱ्याचं नाव मधे घातलेलं, आपल्याकडच्या पद्धतीने. नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावर पुन्हा पासपोर्टासारखं. चार कागदांवर चार प्रकार. मतदार अर्जात काय लिहायचं? माझा सल्ला: नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावर जसं आहे तसंच. तेच तुमचं भारतीय म्हणून पहिलं नाव. सासरचं आडनाव लावायचं असेल तर ते आधी राजपत्रात आणि इतर कागदांवर रीतसर बदलून घ्या, मग फॉर्म ८ भरून मतदार यादीत दुरुस्ती करा. तोवर एकच नाव धरून ठेवा.

दुसरी गोष्ट देवनागरीची. मध्य प्रदेशातली मतदार यादी हिंदीत छापतात. ऑनलाइन अर्ज भरताना तुम्ही इंग्रजीत नाव टाइप करता आणि खालच्या रकान्यात हिंदी नाव आपोआप उमटतं. लोक ते न बघता पुढे जातात. काळे यांचं काले होतं, देवळेकरांचं देवलेकर, आणि परदेशी नावाचं तर काहीही होऊ शकतं. तो रकाना स्वतः दुरुस्त करता येतो. मोठ्याने वाचा, घरातल्या दुसऱ्याला वाचायला लावा, मगच पुढचं बटण दाबा. मतदानाच्या दिवशी अधिकारी तेच नाव मोठ्याने वाचणार आहे.

फॉर्म ६ भरताना

अर्ज निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर किंवा आयोगाच्या मोबाइल ॲपवर भरता येतो, किंवा कागदावर भरून बीएलओकडे देता येतो. जन्मापासून इथले असणाऱ्यांना मी ऑनलाइनच भरा म्हणते. नव्या नागरिकांना मात्र मी कागदी अर्ज सुचवते. कारण साधं आहे: प्रतिज्ञेत जन्मस्थानाचं गाव, जिल्हा, राज्य विचारतात, आणि तुमचा जन्म मॉरिशसमधल्या क्युर्पिपचा किंवा कराचीचा असेल तर तो चौकटीत नीट बसत नाही. कागदावर गाव आणि देश स्पष्ट लिहिता येतो, प्रमाणपत्राची प्रत टाचता येते, आणि बीएलओला समोरासमोर समजावता येतं. ऑनलाइनच भरलात तर प्रमाणपत्र जोडायला विसरू नका, आणि मिळालेला संदर्भ क्रमांक लिहून ठेवा. कागदी अर्जाचीही पोच घ्या; फॉर्मच्या शेवटी ती असतेच.

जन्मस्थान खरं तेच लिहा. काही जण घाबरून इंदूर लिहून टाकतात. त्याची काहीच गरज नसते, आणि उगाच खोट्या माहितीचा ठपका येतो.

आपला बीएलओ कोण हे पोर्टलवर पत्ता किंवा मतदार क्रमांक टाकून कळतं, नाहीतर १९५० या हेल्पलाइनवर विचारा. बहुतेक वेळा तो जवळच्या सरकारी शाळेतला शिक्षक किंवा अंगणवाडीतली ताई असते. मोती तबेल्याच्या कलेक्टर कार्यालयात खेटे घालण्याआधी तिला गाठा.

२७ ऑक्टोबर २०२५ ला आयोगाने मध्य प्रदेशासह बारा राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत मतदार यादीचं विशेष सखोल पुनरीक्षण जाहीर केलं. त्यात जुन्या यादीतला आपला किंवा आईवडिलांचा दुवा विचारला गेला आणि नव्या नागरिकांच्या घरांत धास्ती पसरली, कारण त्यांचे आईवडील इथल्या कुठल्याच यादीत नसणार. घाबरू नका. त्यासोबत भरायच्या प्रतिज्ञापत्रात नोंदणीने किंवा देशीयकरणाने नागरिक झालेल्यांसाठी वेगळी ओळ होती आणि तिथे नागरिकत्वाचं प्रमाणपत्रच जोडायचं होतं. पुढे कधीही असं पुनरीक्षण आलं तरी तुमचं उत्तर तोच एक कागद आहे.

बीएलओ दारात येतो तेव्हा

अर्जानंतर चौकशीला बीएलओ घरी येतो. वय पंचेचाळीस आणि नाव पहिल्यांदाच, हे बघून तो विचारणारच, “मॅडम, इतकी वर्षं कुठे होतात? आधी कुठे नाव होतं का?” हा प्रश्न मीही विचारलाय. त्यात संशय नसतो. एकाच माणसाचं नाव दोन ठिकाणी असू नये म्हणून विचारावं लागतं. शांतपणे प्रमाणपत्र दाखवा, तारखेवर बोट ठेवा, आधी भारतीय नागरिक नव्हते म्हणून नाव नव्हतं असं सांगा. शेजाऱ्यांनाही दोन प्रश्न होतील. दार लावलेलं असेल आणि कुणीच भेटलं नाही तर अहवालात ‘आढळले नाहीत’ असं जाऊ शकतं, तेव्हा बीएलओचा नंबर घ्या आणि तो येणार त्या दिवशी घरी थांबा.

अर्जांची यादी प्रसिद्ध होते आणि हरकतीसाठी सात दिवस असतात. हरकत आली किंवा अधिकाऱ्याला शंका वाटली तर सुनावणीची नोटीस येते. न चुकता जा, मूळ कागद घेऊन जा. अर्ज फेटाळला तर पंधरा दिवसांच्या आत जिल्हा निर्वाचन अधिकाऱ्याकडे, म्हणजे कलेक्टरकडे अपील करता येतं, आणि तिथेही निकाल विरुद्ध गेला तर तीस दिवसांत राज्याच्या मुख्य निर्वाचन पदाधिकाऱ्याकडे. आदेश लेखी मागून घ्या. तोंडी नकारावर अपील होत नाही.

उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या तारखेनंतर त्या निवडणुकीपुरती यादीत भर पडत नाही, आणि सात दिवसांची हरकत धरली तर त्याच्या किमान दहा दिवस आधी अर्ज पोचलेला हवा. निवडणुकीची घोषणा ऐकून धावणाऱ्यांची गाडी इथेच चुकते.

घरात सतरा पूर्ण झालेलं मूल असेल तर त्याचाही आगाऊ अर्ज करता येतो. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा वयासाठी धरतात. फक्त मुलाचं नागरिकत्व वेगळं नोंदवलंय का ते आधी बघा. आईला मिळालं म्हणजे मुलालाही मिळालं असं समजू नका.

कार्ड आलं, तरी यादी बघा

मंजुरीनंतर ओळखपत्र स्पीड पोस्टाने घरी येतं. त्यावर तीन अक्षरं आणि सात अंकांचा क्रमांक असतो. फोनवर उतरवता येणारं ई-कार्डही मिळतं. पण मत देता येतं ते यादीत नाव असल्यामुळे, म्हणून पोर्टलवर क्रमांक टाकून भाग संख्या आणि क्रम संख्या बघा आणि लिहून ठेवा. घर बदललं तर फॉर्म ८. इंदूरमध्ये भाड्याची घरं बदलणारे खूप, आणि जुन्या मोहल्ल्यात नाव, नव्या मोहल्ल्यात माणूस, असं सर्रास होतं.

मतदारसंघ कोणता हेही एकदा समजून घ्या. जिल्ह्यात विधानसभेच्या नऊ जागा: इंदूर एक ते पाच, राऊ, सांवेर, देपालपूर आणि महू. त्यातल्या आठ इंदूर लोकसभेत येतात; महू मात्र धार लोकसभेत. महूला राहणाऱ्याने इंदूरच्या उमेदवारांची भाषणं ऐकून उपयोग नाही.

उमेदवार निवडायला मी कुणाला सांगणार नाही. एवढंच सांगते की प्रत्येक उमेदवाराचं शपथपत्र आयोगाच्या संकेतस्थळावर असतं: संपत्ती, कर्ज, शिक्षण, चालू असलेले खटले. तासाभराचं वाचन आहे. जरूर करा.

मतदानाच्या दिवशी, दारापासून बोटावरच्या शाईपर्यंत

इंदूरमध्ये २०२४ ची लोकसभा १३ मे रोजी होती, सकाळी सात ते संध्याकाळी सहा. मे महिन्यात दहानंतर उन्हात उभं राहणं कठीण, तेव्हा सकाळीच जा. छप्पन दुकानच्या दुकानदारांनी त्या सकाळी लवकर मत देऊन आलेल्यांना पोहे-जिलेबी फुकट खिलवली होती.

ओळखपत्र घ्या. ते नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, भारतीय पासपोर्ट, फोटो असलेलं पासबुक अशा बारा कागदांपैकी एक चालतो. घरी आलेली मतदार पर्ची फक्त माहितीसाठी आहे, ओळख म्हणून चालत नाही. पण तिच्यावरचा भाग आणि क्रम सांगितला की काम पटकन होतं. परदेशी पासपोर्ट चुकूनही काढू नका. मोबाइल आत नेता येत नाही. तो घरीच ठेवलेला बरा.

आत शिरल्यावर पहिला अधिकारी यादीत तुमचं नाव शोधतो आणि मोठ्याने वाचतो. बाजूला बसलेले पक्षांचे एजंट आपापल्या यादीवर खूण करतात. हे बघून नवी माणसं बावरतात, की आपण कुणाला मत दिलं हे यांना कळेल का? कळत नाही. त्यांना फक्त तुम्ही आलात एवढंच कळतं. दुसरा अधिकारी डाव्या हाताच्या तर्जनीला नखापासून खालपर्यंत शाईची रेघ ओढतो, रजिस्टरवर सही घेतो आणि एक चिठ्ठी देतो. ही शाई म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात बनते, १९६२ पासून वापरात आहे; त्यातल्या सिल्व्हर नायट्रेटमुळे ती लगेच पुसली जात नाही. तिसरा अधिकारी चिठ्ठी घेतो, शाई बघतो आणि त्याच्याकडच्या यंत्राचं बटण दाबून तुमचं यंत्र चालू करतो.

मग पुठ्ठ्याच्या आडोशामागे तुम्ही एकट्या. मॉरिशसमध्ये मुख्य बेटावर कागदाच्या मतपत्रिकेवर तीन उमेदवारांपुढे फुल्या करतात, तिथून आलेल्या सूनबाईंना “एकच बटण? बाकी दोन मतं?” असा प्रश्न पडला होता. इथे एकच मत. यंत्रावर नाव, फोटो, चिन्ह आणि शेजारी निळं बटण. सगळ्यात खाली नोटा, म्हणजे यांपैकी कुणी नाही. हा पर्याय २०१३ पासून आहे, आणि २०२४ मध्ये इंदूरने नोटाला २ लाख १८ हजारांहून जास्त मतं दिली. बटण एकदा दाबा, दाबून धरा, लाल दिवा लागू द्या. शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या काचेत एक चिठ्ठी दिसते: क्रमांक, नाव, चिन्ह. सात सेकंद. नजर तिथेच ठेवा. मग ती आतल्या पेटीत पडते आणि लांब बीप ऐकू येते. बीप ऐकल्याशिवाय बाहेर पडू नका. चिठ्ठी घरी मिळत नाही.

चिठ्ठीवर दुसरंच नाव दिसलं तर तिथल्या तिथे पीठासीन अधिकाऱ्याला, म्हणजे केंद्राच्या प्रमुखाला, सांगता येतं. ते लेखी घेऊन सर्वांसमोर चाचणी मत घेतात. तक्रार खोटी निघाली तर कारवाई होते, म्हणून खात्री असेल तरच बोला.

आणखी दोन प्रसंग माहीत असू द्या. एखादा एजंट म्हणाला की ही बाई यादीतली नव्हेच, तर त्याला दोन रुपये भरून ओळखीला आव्हान द्यावं लागतं आणि पीठासीन अधिकारी चौकशी करतो. केंद्रावर प्रश्न एवढाच असतो की यादीतली व्यक्ती तुम्हीच का. तुमचे उच्चार, चेहरा, तुम्ही कुठून आलात याची चर्चा तिथे होत नाही, आणि कुणी केली तर नम्रपणे सांगा की माझं नाव यादीत आहे आणि हे माझं ओळखपत्र. दुसरा प्रसंग: तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलंय. परत फिरू नका. ओळख पटवून दिलीत तर तुम्हाला कागदाची मतपत्रिका मिळते, तिला निविदत्त मत म्हणतात. ती मागणं हा तुमचा हक्क आहे.

वेळ संपायला आली आणि तुम्ही रांगेत असाल तर हटू नका. वेळ संपताना रांगेत असलेल्या प्रत्येकाला चिठ्ठ्या वाटतात, रांगेच्या शेवटून सुरुवात करून, आणि सगळ्यांचं मतदान झाल्यावरच दार बंद होतं. नोकरी करणाऱ्यांना त्या दिवशी पगारी सुट्टीचा हक्क आहे, खाजगी दुकानातही.

महापालिकेचं वेगळं

लोकसभा आणि विधानसभा भारत निवडणूक आयोग घेतो. महापालिका राज्य निवडणूक आयोग. इंदूरचे ८५ वॉर्ड, आणि त्यांची यादी वॉर्डवार वेगळी बनते. २०२२ मध्ये महापौर थेट लोकांनी निवडला, म्हणजे एका वेळी दोन मतं: महापौर आणि पार्षद. विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणून निश्चिंत राहू नका. महापालिकेची प्रारूप यादी लागली की वॉर्ड कार्यालयात जाऊन आपलं नाव योग्य वॉर्डात आहे का ते बघा, आणि नसेल तर त्याच मुदतीत दावा भरा.